मुलाला पायलट व्हायचंय : बेळगावकडच्या जाणत्यांनी मोकळेपणानं सांगा

मुचंडीकर
नमस्कार मंडळी. थोरला मुलगा पीयूसी सेकंडला (बारावीला) आहे, पीसीएमबी. एसएसएलसीला चांगले मार्क पडले, फर्स्टलाही बरे आहेत. सीईटीचा क्लास लावलाय, पण त्याचं मन त्यात नाही. कमर्शियल पायलट व्हायचं म्हणतो. हायस्कूलपासून हेच म्हणतोय, म्हणजे लहर म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे तुम्हाला सल्ला द्यायला बरं. साडेतीन एकर रान, त्यात बटाटा, रताळी आणि भाजीपाला. सांबरा रोडला एक एनए प्लॉट. राहतं घर. मिसेस अंगणवाडीत आहेत. धाकटी मुलगी आठवीत, तिचंही पुढं शिक्षण आहे.

मध्यंतरी शहरात करिअर मेळावा झाला. तिथं एका संस्थेच्या माणसानं सांगितलं, सगळी फी एकदम भरली तर सवलत, वर्षात लायसन आणि नोकरीची शंभर टक्के हमी. प्लॉट विकला तर तेवढे पैसे उभे राहतात. माझा भाऊ म्हणतो विकू नको. मेहुणे म्हणतात पोरगा हुशार आहे, मागं सरू नका. सांबऱ्याच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं आमच्या शिवारावरनं दिवसभर फिरतात, पण त्यातल्या पोरांचं पुढं काय होतं ते गावात कुणालाच ठाऊक नाही. ज्यांच्या घरात कुणी हे केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

बाळू_येळ्ळूर
पोराला शुभेच्छा काका! कॅप्टन झाला की पेढे नकोत, कुंदाच पाहिजे.

ढगातला
काका, मी मूळचा निपाणीचा, सध्या एअरबसवर फर्स्ट ऑफिसर आहे. पहिली गोष्ट, प्लॉट विकू नका. निदान आत्ता तरी नको. मुलाला पायलट करू नका असं मी म्हणत नाही. पैसे भरायची वेळ सगळ्यात शेवटी येते आणि आपली माणसं तिथूनच सुरुवात करतात, एवढंच माझं म्हणणं.

आधी मेडिकल. डीजीसीएनं (देशाच्या विमान वाहतूक नियामक संस्थेनं) नेमलेल्या डॉक्टरकडं क्लास टू मेडिकल होतं. ते झालं की ईजीसीए पोर्टलवर फाइल तयार होते, मग क्लास वन. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे बंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं बघतात. चष्मा असला तरी चालतो, चष्म्यानं नजर नीट होत असली म्हणजे झालं. रंगदृष्टीत दोष निघाला तर मात्र रस्ता तिथंच अडतो. फी भरून वर्षभर उडल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांकडं बघवत नाही हो.

मग पेपर. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स असलं की परीक्षेला लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर मिळतो. एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. पासिंग ७० टक्क्यांना. रेडिओची आरटीआर परीक्षा वेगळी. विमानात पाऊल न ठेवता यातले बहुतेक पेपर काढता येतात आणि उडण्याच्या फीपुढं हा खर्च काहीच नाही. वारा कुठून किती वेगानं येतोय, त्यानं विमान किती सरकेल, तर नाक किती अंशानं वळवायचं, इंधन किती उरेल, अशी गणितं रात्री बारा वाजता सोडवताना पोराला गोडी वाटते का बघा. गोडी वाटली तर तो या धंद्यातला. नुसता युनिफॉर्म आवडत असेल तर तेही इथंच कळतं, आणि स्वस्तात कळतं.

हे दोन्ही हातात आल्यावर मग फ्लाइंग स्कूल. सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसनला) किमान २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख) म्हणून, ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा प्रवास, थोडं रात्रीचं उड्डाण, थोडं नुसत्या उपकरणांवर. वय १८ पूर्ण पाहिजे. खर्च आता पन्नास-साठ लाखांच्या घरात जातो. वर राहणं, खाणं, क्लासेस.

आणि मेळाव्यात हे कुणी सांगत नाही : लायसन म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायची पात्रता, वेगळं करावं लागतं. बऱ्याचदा ते स्वतःच्या खिशातून, आणखी पंधरा-वीस लाख किंवा जास्तच. त्यानंतर एअरलाइनची लेखी परीक्षा, सिम्युलेटर, मुलाखत. शंभर टक्के हमी देणाऱ्याला म्हणावं, लेखी दे, आणि नोकरी नाही मिळाली तर पैसे परत हेही त्यातच लिही.

उद्यमबाग_फाऊंड्री
मी सरळ बोलतो, राग मानू नका. ऐंशी लाखांत उद्यमबागेत किंवा मच्छेला चांगली सीएनसी बसते, चार माणसांना काम मिळतं आणि मशीन विकलं तरी काहीतरी हातात येतं. पायलटचं लायसन विकता येत नाही. विमानाचीच आवड असेल तर आपल्या जिल्ह्यात हत्तरगीला एरोस्पेस एसईझेड आहे, एअरबस-बोइंगला लागणारे भाग तिथं बनतात. डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल करा, घरी राहून विमानातच काम आहे. एवढा पैसा एका जिवावर, एका परीक्षेवर, एका डॉक्टरच्या सहीवर लावायचा हे मला पटत नाही.

शहापूरची_लेक
फाऊंड्रीकाका, तुमचा हिशोब चुकीचा नाही, पण तो मशीनचा हिशोब झाला. मी स्वतः सीपीएल केलंय. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही आहे. नोकरी अजून नाही. तरीही मी हे पुन्हा केलं असतं, कारण पहिल्या सोलोला इन्स्ट्रक्टर उतरून गेला आणि शेजारची सीट रिकामी राहिली, तेव्हा जे वाटलं ते मला दुसऱ्या कशानं मिळालं नसतं.

आता मुचंडीकर काकांसाठी कामाचं. "वर्षात लायसन" यावर विश्वास ठेवू नका. आमच्या बॅचमधल्या कुणाचंच वर्षात झालं नाही. पावसाळ्यात ढग खाली आले, दिसायचं कमी झालं की शिकाऊ विमान उडत नाही. बेळगावचा जून ते सप्टेंबर तुम्हाला मी काय सांगायचा! आम्ही हँगरमध्ये पाऊस बघत बसायचो. त्यात विमान दुरुस्तीला जातं, इन्स्ट्रक्टर सोडून जातो, परीक्षक मिळत नाही. दीड-दोन वर्षं धरून चला. हॉस्टेलचा आणि जेवणाचा खर्च तेवढा वाढतो, तो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

सगळी फी एकदम तर मुळीच भरू नका. मी जिथं शिकले तिथं मैत्रिणीच्या घरच्यांनी सवलतीपोटी सगळी रक्कम भरली. नंतर महिनोन् महिने विमानं जमिनीवर. दुसरीकडं जायचं म्हटलं तर पैसे परत मिळेनात. तासांप्रमाणे, टप्प्याटप्प्यानं भरायचं, आणि करारात परतीची अट वाचूनच सही करायची.

स्कूल निवडताना तिथल्या मुलांना एकटं गाठून विचारा : किती विमानं आहेत, त्यातली आज किती उडतायत, महिन्याला माणशी किती तास मिळतात. ऑफिसमधल्या माणसाला विचारून उपयोग नाही. डीजीसीएनं २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत ए श्रेणीत एकही संस्था नव्हती. तीही यादी बघा.

ढगातला
+१. टप्प्यानं भरा हे शंभर वेळा लिहिलं तरी कमीच आहे.

बँकेतले_काका
मी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त. दोन गोष्टी.

साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की बँक तारण मागते. शेतीचा उतारा घेऊन आमच्याकडं पुष्कळ लोक यायचे आणि नाराज होऊन जायचे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं मालमत्ता ताब्यात घेते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँका या कर्जाला शेतजमीन सहसा धरत नाहीत. तुमचा एनए प्लॉट मात्र चालेल. म्हणजे तो विकण्याऐवजी तारण ठेवायचा मार्ग आहे, आणि कर्ज टप्प्याटप्प्यानं उचललं जातं, त्यामुळं संस्थेलाही एकदम पैसे जात नाहीत. बँक मध्ये असल्याचा हा फायदा लोक लक्षात घेत नाहीत.

दुसरी गोष्ट हप्ता. ८० लाख, ११ टक्के, दहा वर्षं धरली तर महिन्याला १ लाख १० हजारांच्या आसपास. नोकरी लागली तर झेपेल. नोकरीला दोन वर्षं उशीर झाला तर? पूर्ण रक्कम उचललेली असेल तर नुसतं व्याजच वर्षाला पावणेनऊ लाख. ते कोण भरणार, हे आजच घरात बसून कागदावर लिहा. उत्तर "बघू" असेल तर एवढं कर्ज काढू नका. राहतं घर तारण ठेवायचं तर अजिबात नाही. धाकटी आठवीत आहे म्हणालात, तिच्या डिग्रीची वर्षं नेमकी तुमच्या हप्त्यांच्या वर्षांत येतात.

कडोलीची_आई
पैशाचं सगळे बोलले, भीतीचं कुणीच बोललं नाही. अहमदाबादला जून २०२५ मध्ये काय झालं ते टीव्हीवर बघितल्यापासून माझ्या भाच्याला मी हे बोलूसुद्धा दिलं नाही. होन्निहाळला शेतात शिकाऊ विमान उतरलं ते तर आपल्या डोळ्यांसमोरचं. आईनं कसं पाठवायचं सांगा.

जुना_एअरमन
अक्का, तुमची भीती खरी आहे, तिला कमी लेखणार नाही. मी हवाई दलात होतो, माझं सुरुवातीचं ट्रेनिंग सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूललाच झालं. होन्निहाळचं २०२३ चं म्हणताय तर तेवढंच सांगतो, त्यातले दोघंही वाचले. इंजिन बंद पडलं तर जमीन कशी निवडायची, वाऱ्याच्या तोंडाला कसं उतरायचं, हे शिकाऊ पायलटकडून अगदी सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा करून घेतात. कोझिकोडच्या विमान अपघातात ऑगस्ट २०२० मध्ये गेलेले कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, हवाई दलातले विंग कमांडर. एवढ्या अनुभवी माणसालाही धोका चुकला नाही. पण रोज हजारो विमानं सुखरूप उतरतात, ती याच शिस्तीमुळं. म्हणून ज्या पोराला चेकलिस्टचा कंटाळा येतो त्याला पाठवू नका.

मुचंडीकर, मला एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटतं, एवढ्या पोस्टीत एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) नाव कुणीच कसं काढलं नाही? मुलगा पीयूसी सेकंडला, फिजिक्स-मॅथ्स आहे, म्हणजे आत्ताच फॉर्म भरता येतो. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. वर्षातून दोनदा परीक्षा. निवड झाली तर एक रुपया न भरता उडायला शिकवतात, वर पगार. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहे, त्यातून फ्लाइंग ब्रँचला चौदा वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. हवाई दलाच्या मुलाखतीला आपल्याला म्हैसूरचं केंद्रही आहे. एक मात्र ध्यानात ठेवा, पायलटची जी वेगळी मशीनवरची चाचणी असते ती आयुष्यात एकदाच. नापास झाला की फ्लाइंग ब्रँचला पुन्हा संधी नाही. तयारी करूनच जायचं.

ढगातला
जुना_एअरमन, पूर्ण मान्य. फक्त एक जोडतो. हवाई दलात जायचं ते देशसेवा करायची म्हणून. "फुकट ट्रेनिंग आणि नंतर एअरलाइन" एवढाच हिशोब डोक्यात असेल तर मुलाखतीत तो दिसतो.

चंदगडकर
महाराष्ट्रात महाज्योती म्हणून संस्था आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना तिथून सीपीएलचं प्रशिक्षण मिळतं, नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये. बेळगाव सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाच्या सवलती आहेतच, मग याचाही फायदा घ्या की.

मुचंडीकर
चंदगडकर, आमच्याच नात्यात एकानं हे विचारून बघितलं. रहिवासी दाखला महाराष्ट्राचा मागतात. आमचा दाखला कर्नाटकाचा. तुमचं गाव आमच्या शिवारापासून तासाभरावर, पण दाखला वेगळा. मराठी म्हणून तिकडचे, कागदावर इकडचे. पोरांच्या शिक्षणाच्या वेळेला हे फार लागतं हो.

निपाणी_नाका
अगदी. माझ्या मुलीच्या वेळी कागदपत्रांतच आमचा सगळा उन्हाळा गेला.

तरी कर्नाटकात असल्याचा एक फायदाही सांगतो. बंगळुरूला जक्कूरला राज्य सरकारचं फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल आहे, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जागेवरचं जुनं. फी खासगीपेक्षा कमी. मधली काही वर्षं तिथलं प्रशिक्षण बंद पडलं होतं, नंतर सुरू झालं, म्हणून शहापूरची_लेक म्हणतात तसं स्वतः जाऊन किती विमानं उडतायत ते बघून या. देशपातळीवर अमेठीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्रात गोंदियाला आहे. सांबरा दारात आहे म्हणून सांबराच, असं करू नका.

चंदगडकर
सांबऱ्याचा विषय निघाला म्हणून. २०१८ मध्ये उडान योजनेत (छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या) हुबळी आली आणि आपल्याकडची विमानं तिकडं गेली, तेव्हा विमानतळ ओस पडला होता. २०१७ ला एवढं नवं टर्मिनल बांधलं आणि प्रवासी नाहीत! पुढं बेळगाव उडानच्या तिसऱ्या फेरीत आल्यावर पुन्हा जरा गजबजलं. १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलानं बांधलेली धावपट्टी आहे ही. उत्तर कर्नाटकातली सगळ्यात जुनी. आणि मुंबईची फ्लाइट आहे का नाही हे आपण दर सहा महिन्यांनी विचारायचं.

बाळू_येळ्ळूर
चंदगडकर, तुम्ही आधी पुण्याची वंदे भारत मागितली होती, ती मिळाली. आता मुंबईच्या विमानाची पाळी.

निपाणी_नाका
मंडळी, धागा धावपट्टीवरनं घसरायलाय. परत आणा.

विमानाचा_मेकॅनिक
आणतो. मी विमान दुरुस्तीत आहे, लायसन असलेला एएमई (विमान देखभाल अभियंता). विमानाच्या जवळ राहायचे आणखी मार्ग आहेत हे पोराला माहीत असू दे. एएमईचा खर्च पायलटच्या मानानं फारच कमी. आम्ही सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नाही, ही जबाबदारीही मोठीच आहे. दुसरा मार्ग एअर ट्रॅफिक कंट्रोलचा, म्हणजे एटीसीचा. बीएस्सीला फिजिक्स-मॅथ्स किंवा बीई झालं की विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा देता येते. सरकारी नोकरी, सत्तावीसपर्यंत वयाची मुदत.

मात्र ज्याला उडायचंच आहे त्याला यानं समाधान मिळेल असं मी म्हणणार नाही. आमच्यात तसे आहेत. रोज विमान तयार करून देतात आणि ते निघालं की बघत उभे राहतात. म्हणून पोराला नीट विचारा.

मुचंडीकर
मी मुलगा लिहितोय, बाबांच्याच आयडीवरून. बाबांनी सगळा धागा वाचायला दिला.

मला युनिफॉर्मसाठी नाही व्हायचं. मी दोन महिने यूट्यूबवर मेटिऑरॉलॉजी बघतोय, ढगांचे प्रकार, वारा उंचीप्रमाणे कसा बदलतो. आमच्या रानातनं वळवाचा ढग कुठनं चढतो ते मी बघून ठेवतो आणि पाऊस कधी येईल ते आईला सांगतो. कधी कधी बरोबर येतं. एनडीएचा फॉर्म भरणार आहे, ते मला आधीच हवं होतं, पण घरी बोललो नव्हतो.

माझे प्रश्न. मला जवळचा चष्मा नाही, लांबचा आहे, पावणेदोन नंबर. चालेल ना? आणि मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होतो. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडतं. रेडिओवर कसं होईल? तिसरं, सगळे म्हणतात आधी बीई कर. चार वर्षं थांबलो तर उशीर होणार नाही का?

ढगातला
शाब्बास. स्वतः लिहिलंस हे फार बरं केलंस.

चष्मा : तुझ्या नंबरानं सीपीएलला अडायचं कारण नाही, पण शेवटचं मत मेडिकल बोर्डाचं. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचे नियम वेगळे आणि कडक आहेत, एनडीएच्या जाहिरातीतला डोळ्यांचा भाग फॉर्म भरायच्या आधी शब्द न् शब्द वाच.

इंग्रजी : मीही निपाणीत मराठी शाळेतच शिकलो. रेडिओवरचं बोलणं ठरलेल्या साच्याचं असतं, ते सरावानं बसतं. पण काही अडचण आली तर साच्याबाहेरचं सांगता आलं पाहिजे, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानं किमान चौथ्या पातळीचं इंग्रजी लागतं. रोज अर्धा तास मोठ्यानं वाच आणि कुणाशी तरी बोल. तू मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत वावरतोसच. चौथीला घाबरायचं काही कारण नाही.

उशीर : अठराव्या वर्षी लायसन काढणारे थोडेच. पासष्टाव्या वर्षापर्यंत एअरलाइनमध्ये उडता येतं. दोन-तीन वर्षं इकडची तिकडं झाली म्हणून काही बिघडत नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन लागतं, १५०० तास, ते नोकरीतच साठतात.

शहापूरची_लेक
मी थोडं वेगळं सांगेन. बीई नको, बीएस्सी कर, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. बेळगावातच कर, घरचं जेवण खा. त्या तीन वर्षांत मेडिकल, सगळे पेपर, आरटीआर. बीईच्या सबमिशनमधून हे पेपर निघत नाहीत, माझ्या भावाचं बघितलंय मी. पदवी हातात असली की एएफकॅट उघडं, एटीसी उघडं, आणि मधे एअरलाइन बसली तरी घरी रिकामं बसावं लागत नाही. मी फक्त बारावीवर गेले. आता अर्ज करताना प्रत्येक ठिकाणी पदवीचा रकाना येतो.

आणि एअरलाइन बसतात, हे गृहीत धर. किंगफिशर २०१२ ला, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. प्रत्येक वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि माझ्यासारख्या दोनशे तासवाल्यांची रांग मागं सरकली.

ढगातला
दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली आहे. ती येत राहतील तसे पायलट लागणार. विश्रांतीचे नियमही बदललेत, आठवड्याची सलग सुट्टी ३६ वरून ४८ तास झाली, त्यामुळं तेवढ्याच विमानांना जास्त माणसं लागतात. २०२५ च्या डिसेंबरात विमानं रद्द होत होती त्यामागं हेच मोठं कारण. पण विमान येतं तेव्हा कंपनीला आधी कॅप्टन लागतो, आणि नवख्यांची भरती लाटांसारखी होते. कधी धो धो, कधी वर्षभर काहीच नाही. पगाराचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. नव्या फर्स्ट ऑफिसरला महिना दीड-दोन लाखांपासून पुढं, कॅप्टनला पाच लाखांच्या वर. आकडा मोठा वाटतो. बँकेतल्या काकांचा हप्ता त्यातून वजा करून बघा.

आणि एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये एक कोटीच्या आसपास जातात, पण ट्रेनिंग आणि टाइप रेटिंग एकाच धाग्यात येतं आणि निवड आधी होते. आधी निवड, मग पैसे. हा क्रम मला बरा वाटतो. परवडत असेल तरच.

उद्यमबाग_फाऊंड्री
पोराची पोस्ट वाचली. ढगाचं वाचून बरं वाटलं. माझं मत पैशापुरतं कायम आहे, पण एवढ्या आवडीनं करणाऱ्याला अडवू नका. परीक्षा झाल्यावर सुट्टीत त्याला माझ्याकडं पाठवा. विमानाचा एखादा भाग किती मायक्रॉनमध्ये बसवावा लागतो ते हातानं करून बघेल. पगार देईन.

कडोलीची_आई
बाळा, आईला पावसाचं सांगतोस तसं मेडिकलला जाताना तिलाही सोबत ने. जे काय निघेल ते तिच्यासमोर निघू दे.

मुचंडीकर
आता मी, बाबा. कालच्याला सगळे एकत्र बसलो, भाऊ आणि मेहुणेही होते. ठरलं ते असं.

प्लॉट विकायचा नाही. त्या मेळाव्यातल्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आजच्या आज टोकन भरा म्हणत होता. क्लास टू पीयूसीची परीक्षा झाल्या झाल्या. ते नीट आलं तर क्लास वन बंगळुरूला, आई सोबत जाणार. एनडीएचा फॉर्म पोरगा भरतोय. निकाल लागला की बीएस्सीला बेळगावातच नाव घालायचं आणि त्यात पेपर काढायचे. सगळे पेपर निघाले तर आणि तरच जक्कूरला आणि फुरसतगंजला जाऊन बघायचं, कर्जाचं तेव्हा. प्लॉट तारण ठेवू, घर नाही. धाकटीसाठी वेगळी आरडी आजच काढली, तिला हात लावायचा नाही असं मिसेसनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

भावाची एक शंका राहिली. मेडिकलला "तात्पुरते अनफिट" आलं तर सगळं संपलं का?

ढगातला
नाही. तात्पुरते अनफिट म्हणजे काहीतरी सुधारून पुन्हा या. वजन जास्त, साखर वर, दात, सायनस, अशा कारणांनी पुष्कळांना येतं. मुदत देतात, त्यात उपचार करून पुन्हा तपासणी. कायमचे अनफिट वेगळं, त्यावर अपिलाची सोय आहे. जायच्या आधी दातांचं काम करून घ्या, आणि चष्म्याचा ताजा नंबर कागदावर न्या.

बँकेतले_काका
आरडीचं वाचून समाधान वाटलं. कर्जाची वेळ आली की इथं लिहा, कागदपत्रं मी बघून देईन.

शहापूरची_लेक
काका, माझी मेटची, नॅव्हिगेशनची आणि रेग्युलेशन्सची पुस्तकं पडून आहेत, मुलाला शनिवारी पाठवा, कपिलेश्वर पुलाच्या शहापूरच्या टोकाला येते. रेग्युलेशन्सचं नवीन घ्यावं लागेल, नियम बदललेत. नॅव्हिगेशनचं गोल फ्लाइट कॉम्प्युटरही देते, पण ते परत पाहिजे. पुढच्या महिन्यात मला एका एअरलाइनची लेखी परीक्षा आहे.

बाळू_येळ्ळूर
ताई, तुमच्या परीक्षेला शुभेच्छा! कुंद्याची ऑर्डर आता दोन डब्यांची.